लहान सर्व्हरवरील कोश-ॲप्लिकेशन आणि त्याच्या मेमरीचे निदान

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषेच्या अभ्यासकाला आपली सामग्री आता कपाटात बंद ठेवून चालत नाही. शब्दसंग्रह, बोलींचे नमुने, ध्वनिमुद्रणे ही सर्व इतरांस पाहता, शोधता व ऐकता यावीत अशी अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यासह येणाऱ्या प्रदेशातील, सामवेदी, वाडवळ, वारली इत्यादी बोलींची दखल त्यात घेतलेली आहे. पण तो खंड पाहावयाचा म्हणजे ग्रंथालयाची पायरी चढणे प्राप्त होते. आज मोल्सवर्थ यांचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पामुळे घरबसल्या पाहता येतो. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले मराठी बोलींचे सर्वेक्षणही वेबवर आलेले आहे.

मोठ्या संस्थांची ही गोष्ट झाली. लहान विभागांना, महाविद्यालयांना व एकेकट्या संशोधकांना असेच काही करावयाचे असते तेव्हा त्यांच्या हाती बहुधा एक लहानसा भाड्याचा सर्व्हर असतो. त्याची मेमरी एक जीबी, फार तर दोन. अशा सर्व्हरवर कोशाचे ॲप्लिकेशन काही दिवस सुरळीत चालते, मग मंदावते आणि एके रात्री बंद पडते. ते पुन्हा सुरू केले की चालते, आणि पुन्हा बंद पडते. यावर जो तो एकच उपाय सुचवितो: मोठा सर्व्हर घ्या. विभागाच्या तुटपुंज्या अनुदानात दरमहाचा हा वाढीव खर्च बसत नाही. बसला तरी दुखणे अनेकदा तसेच राहते, फक्त त्याची पाळी लांबते.

येथे पैशाहूनही मोठी अशी एक गोष्ट पणाला लागलेली असते. समजा, विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने वसईच्या बाजूच्या एका वृद्ध बाईंकडून जुन्या शेतकामाचे शब्द ध्वनिमुद्रित केले आणि ते मुद्रण तो विभागाच्या सर्व्हरवर चढवीत असता सर्व्हर कोसळला. मूळ फाईल त्याच्याजवळ जपलेली असेल तर हानी थोडी. पण ‘चढविले, आता पुसावयास हरकत नाही’ असे समजून त्याने ती मोबाइलमधून काढून टाकली असेल, तर ते शब्द पुन्हा मिळतीलच असे नाही. यास्तव मेमरीचे निदान हा केवळ तंत्रज्ञांचा विषय आहे असे मानून भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरविणे बरे नव्हे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: ‘मेमरी किती लागते?’ हा एक प्रश्न नसून किमान चार प्रश्नांची ती गल्लत आहे. हे चार प्रश्न वेगळे केले की निदानाचा अर्धा भाग पुरा होतो. आणि असे वेगळे करणे हे मुळात अर्थभेदाचे, म्हणजे आपल्याच शास्त्राचे काम आहे. उदाहरणे लिनक्स ही कार्यप्रणाली, पायथन ही भाषा व पोस्टग्रेस हा डेटाबेस यांवरून घेतली आहेत, कारण लहान सर्व्हरवर हे त्रिकूट नेहमी आढळते.

२. ‘वापरलेली’ या शब्दाचे चार अर्थ

लिनक्समध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली असता मेमरीचा एक तक्ता दिसतो. त्यात एकूण, ‘यूज्ड’, ‘फ्री’, ‘शेअर्ड’, ‘बफ-कॅशे’ आणि ‘अव्हेलेबल’ असे रकाने असतात. नवख्या मनुष्याची दृष्टी प्रथम ‘फ्री’ या रकान्यावर जाते, तेथे अगदी लहान आकडा दिसतो आणि तो घाबरतो. या घाबरण्याचे मूळ शब्दात आहे. इंग्रजी ‘यूज्ड’ काय किंवा मराठी ‘वापरलेली’ काय, या धातुसाधितात निरनिराळ्या अवस्था एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. मराठीत त्या वेगळ्या करण्यास सोपी रूपे उपलब्ध आहेत: वापरातली, राखलेली, सामायिक आणि अडकलेली.

ज्या वस्तीत नळाला ठराविक वेळीच पाणी येते तेथील घर डोळ्यांपुढे आणावे. स्वयंपाकास घेतलेले पाणी हे वापरातले. पिंपात भरून ठेवलेले पाणी हे राखलेले. ते कोणी मागितले तर ताबडतोब देता येते. गच्चीवरील टाकीतले पाणी सामायिक. ते प्रत्येक बिऱ्हाडाचे आहे, पण प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावे वेगळे मोजले तर इमारतीत आहे त्याच्या कितीतरी पट पाणी कागदावर दिसेल. आणि ज्या भांड्यांच्या तळाशी घोटभर पाणी उरल्यामुळे ती रिकामी म्हणून दुसऱ्या कामास घेता येत नाहीत, त्यांतली जागा अडकलेली.

लिनक्स डिस्कवरून वाचलेल्या फाईली मेमरीत राखून ठेवतो, कारण पुन्हा त्याच फाईली लागण्याचा संभव असतो. ही राखलेली मेमरी गरज पडताच बव्हंशी सोडून दिली जाते. म्हणून ‘फ्री’ रकान्यातील लहान आकडा हे रोगाचे लक्षण नव्हे. रिकामी पडून राहिलेली मेमरी हीच खरी वाया गेलेली. पाहावयाचा आकडा ‘अव्हेलेबल’ हा होय. नवीन कामास अदमासे किती मेमरी देता येईल याचा हिशेब लिनक्सचे गाभ्याचे सॉफ्टवेअर, म्हणजे कर्नल, २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून स्वतःच करते. त्यापूर्वी प्रत्येकाने तो बोटांवर करावयाचा आणि बहुधा चुकावयाचा.

सामायिक मेमरीबाबत होणारी गल्लत अधिक फसवी आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रोसेस चालते आणि या सर्व प्रोसेस एकच सामायिक साठा वापरतात. मूळ मांडणीत हा साठा १२८ एमबीचा असतो. ‘टॉप’ किंवा ‘पीएस’ या आज्ञा प्रत्येक प्रोसेससमोर तिची ‘निवासी’ मेमरी दाखवितात, आणि त्या प्रोसेसने सामायिक साठ्याच्या जेवढ्या भागास स्पर्श केला असेल तो भागही तीत धरतात. सहा जोडण्यांनी तो साठा पूर्ण चाळला असेल तर केवळ बेरजेने ७६८ एमबी भरतात. प्रत्यक्षात तेथे १२८ एमबीच असतात. अशा बेरजेवर विसंबून डेटाबेसला दोष देणारे निदान मुळातच चुकते. यावर तोड म्हणून लिनक्स आणखी एक आकडा देतो: सामायिक भागास वाटेकऱ्यांच्या संख्येने भागून येणारा ‘प्रमाणशीर वाटा’, ज्याला ‘पीएसएस’ म्हणतात. बेरीज करावयाची असेल तर ती याच आकड्यांची करावी.

याशिवाय ‘आभासी’ मेमरी म्हणून एक भलामोठा आकडा प्रत्येक प्रोसेससमोर दिसतो. तो त्या प्रोसेसने मागून ठेवलेल्या पत्त्यांचा आहे, भरलेल्या जागेचा नव्हे. निदानात त्याकडे सहसा दुर्लक्ष करावे.

३. देवनागरीचे वजन

आता आपल्या विषयाच्या अधिक जवळ येऊ. मराठी मजकूर मेमरीत किती जागा घेतो?

१९९१ साली प्रमाणित झालेल्या इस्की या भारतीय संकेतपद्धतीत प्रत्येक वर्णचिन्हास एक बाइट लागे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र विभाग मिळाला, आणि यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या लेखनरीतीत त्या विभागातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून फाईलमध्ये त्याचे पंधरा बाइट होतात.

मेमरीत मात्र हिशेब निराळा. पायथनच्या ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, प्रत्येक अक्षरमाला तिच्यातील सर्वांत ‘जड’ चिन्हाच्या मापाने साठविली जाते. साध्या इंग्रजी मजकुरास दर चिन्हास एक बाइट, देवनागरीचे एक जरी चिन्ह आले तरी सर्व चिन्हांस प्रत्येकी दोन, आणि एखादे इमोजी आले तर सर्वांस प्रत्येकी चार. त्याखेरीज प्रत्येक अक्षरमालेवर तिच्या ओळखीपाळखीचा ठरावीक खर्च असतोच. ‘मराठी’ ही अक्षरमाला पायथन ३.१२ मध्ये ६८ बाइट घेते, त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ८४. यांपैकी अक्षरांचे बाइट फक्त दहा. लहान शब्दांच्या संग्रहात मजुरीपेक्षा हमालीच जास्त पडावी, तसा हा प्रकार आहे.

मराठी-इंग्रजी कोशाच्या बाबतीत या नियमाचा परिणाम विशेष लक्षणीय होतो. मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली व तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. हिशेबापुरते असे धरू की प्रत्येक नोंद सरासरी ३०० चिन्हांची आहे. त्यांत २९० इंग्रजी व १० देवनागरी. डिस्कवर यूटीएफ-८ मध्ये अशा नोंदीस ३२० बाइट, म्हणजे सर्व कोशास सुमारे १.९ कोटी बाइट लागतील. मेमरीत मात्र त्या दहा देवनागरी चिन्हांपायी उरलेली २९० इंग्रजी चिन्हेही दुप्पट जागा घेतात. दर नोंदीस ६५८ बाइट, आणि सर्व कोशास सुमारे ३.९ कोटी. शीर्षशब्द व इंग्रजी अर्थ वेगवेगळ्या अक्षरमालांत ठेवले, आणि त्या अर्थात पुन्हा देवनागरी शब्द आले नाहीत, तर हा भार बराच कमी होतो. एका नोंदीची रचना हा एरवी केवळ कोशकाराचा प्रश्न. येथे तो सर्व्हरच्या खर्चाचाही होतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. प्रत्येक नोंद शब्द, व्याकरण, अर्थ, व्युत्पत्ती अशा नामांकित खणांच्या ‘डिक्शनरी’त ठेवली तर दर नोंदीमागे त्या खणांच्या चौकटीचेच सुमारे दोनशे बाइट वाढतात. टंकलेखन चालू असतानाच सूचना दिसाव्यात म्हणून प्रत्येक शब्दाचे सर्व पूर्वभाग मेमरीत मांडले तर शब्दसंख्येच्या कित्येक पट नवी अक्षरमाला-मंडळी जमतात. आणि ॲप्लिकेशन चार प्रोसेसमध्ये चालत असेल, व प्रत्येक प्रोसेस कोश स्वतंत्रपणे वाचीत असेल, तर या सर्वांची चौपट होते. वीस एमबीची वाटणारी फाईल एक जीबीच्या सर्व्हरचा मोठा हिस्सा कसा व्यापते, याचा उलगडा यातून होतो. येथे कोठेही गळती नाही, कोठेही बिघाड नाही. केवळ भार आहे.

४. तापाचा तक्ता

वैद्य एकदाच ताप पाहून निदान करीत नाही. तो दिवसातून तीन-चार वेळा पाहून तक्ता मांडतो. सतत चढा राहणारा ताप, पाळीचा ताप आणि रोज थोडाथोडा वाढणारा ताप ही तीन निराळी दुखणी होत. मेमरीचेही तसेच आहे. दर मिनिटास प्रत्येक प्रोसेसची मेमरी व ‘अव्हेलेबल’ हे आकडे एका फाईलीत नोंदवीत जाणारी चार ओळींची आज्ञावली पुष्कळ महागड्या साधनांपेक्षा अधिक उपयोगी पडते. आठवडाभराच्या अशा नोंदीतून बहुधा चारांपैकी एक आकृती उमटते.

पहिली आकृती सपाट पण उंच रेषेची. ॲप्लिकेशन सुरू होताच मेमरी वाढते आणि तेथेच स्थिरावते. मागील विभागात वर्णिलेला भार तो हाच. उपाय रचनेत आहे: कोश मेमरीत न भरता डेटाबेसमध्ये ठेवावा व लागेल तेवढीच नोंद वाचावी, किंवा प्रोसेसची संख्या कमी करावी. मूळ प्रोसेसमध्ये कोश एकदाच वाचून मग तिच्या शाखा काढण्याचीही एक युक्ती आहे. कारण लिनक्स शाखेस मूळची मेमरी सामायिकच देतो व कोणी लिहू लागले तरच तेवढ्या भागाची प्रत काढतो. मात्र पायथन प्रत्येक वस्तूचे संदर्भ त्या वस्तूतच मोजतो, म्हणजे केवळ वाचावयास गेले तरी तेथे काहीतरी लिहिले जाते आणि सामायिक भाग हळूहळू वेगळा होत जातो. म्हणून या युक्तीचा लाभ अपेक्षेहून कमी मिळतो.

दुसरी आकृती सुळक्यांची. एरवी सर्व शांत असते, पण एखाद्या क्षणी मेमरी उसळते. ही एकेका मोठ्या विनंतीची खूण होय. वर उल्लेखिलेले ध्वनिमुद्रणच घ्या. दर सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, एकच ध्वनिमार्ग. वीस मिनिटांच्या असंपीडित मुद्रणाचे सुमारे ११० एमबी होतात. ॲप्लिकेशनने ती फाईल तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर न लिहिता संपूर्ण मेमरीत घेतली तर तेवढी मेमरी त्या एका विद्यार्थ्यासाठी लागते. पुढे सुरांचा आलेख काढण्यासाठी प्रत्येक नमुना आठ बाइटांच्या दशांश संख्येत रूपांतरित केला तर चौपट, म्हणजे सुमारे ४४० एमबी लागतात. दोन विद्यार्थ्यांनी एकाच वेळी मुद्रणे चढविली की एक जीबीचा सर्व्हर संपला. येथे सरासरी पाहून काहीच कळत नाही. पाहावयाचे असते ते शिखर.

या जातीचे प्रसिद्ध उदाहरण कोशाच्याच क्षेत्रातील आहे. इंग्रजी विक्शनरीत एका लेखनरूपाचे सर्व भाषांतील अर्थ एकाच पानावर येतात. पान तयार करणाऱ्या लुआ भाषेतील आज्ञावल्यांना दर पानामागे ५० एमबीची मर्यादा दीर्घकाळ घातलेली होती. रोमन ‘ए’ या एका अक्षराच्या पानावर इतक्या भाषा जमल्या की मर्यादा ओलांडली जाऊन पानाच्या खालच्या भागात अर्थाऐवजी मेमरी अपुरी पडल्याची सूचना दिसू लागली. संपादकांनी तेथे हलके साचे वापरून मार्ग काढला. मर्यादेमुळे एक पान अपुरे राहिले, पण सर्व्हर उभा राहिला, ही त्यातील शिकण्याजोगी गोष्ट. लहान सर्व्हरवरही दर विनंतीस मर्यादा घालणे हे अनुदारपणाचे लक्षण नसून सर्वांच्या सोयीचे आहे.

तिसरी आकृती पायरीची. मेमरी काही काळ वाढते, मग पठार येते, आणि काम संपल्यावरही ती खाली उतरत नाही. पुष्कळांस ही गळती वाटते. वस्तुतः ही अडकलेली मेमरी होय. पायथन लहान वस्तूंसाठी मोठाले खंड घेऊन ठेवतो आणि खंड संपूर्ण रिकामा झाल्यावाचून तो परत करीत नाही. खंडात एक जरी वस्तू जिवंत राहिली तरी सर्व खंड अडकतो. तळाशी घोटभर पाणी उरलेल्या भांड्याची आठवण येथे व्हावी. पठार स्थिर असेल आणि सर्व्हरला पेलत असेल तर काहीच करू नये. पेलत नसेल तर ठरावीक संख्येने विनंत्या हाताळल्यावर प्रोसेस आपोआप नवी करण्याची सोय गुनिकॉर्नसारख्या सर्व्हर-आज्ञावलीत असते, ती वापरावी.

चौथी आकृती सतत चढत्या उताराची. खरी गळती हीच, आणि तिचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अमर्याद कॅशे. प्रत्येक शोधाचे उत्तर ‘पुन्हा लागेल’ म्हणून जपून ठेवले जाते, पण जुने टाकण्याचा नियम कोणी केलेला नसतो. पायथनमधील ‘एलआरयू कॅशे’ ही सोय स्वतःहून १२८ उत्तरांपुरतीच असते. पण मर्यादा ‘नाही’ असे लिहिले की ती अनंत होते. मग शोधयंत्राचा एखादा यंत्रवाचक रात्रीतून कोशातील प्रत्येक पान उघडतो, आणि सकाळी सर्व्हर बंद आढळतो.

५. एकाच शब्दाच्या अनेक चाव्या

या चौथ्या प्रकारात मराठीच्या लेखनाने पडणारी भर स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे, कारण ती तंत्रज्ञाच्या नजरेतून सहज सुटते. कॅशेची चावी म्हणजे वाचकाने टाइप केलेला शब्द. तो पडद्यावर एकच दिसला तरी आत निरनिराळा असू शकतो. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे अदृश्य असे जोडचिन्ह देऊन. शिवाय ‘ऱ’ हे चिन्हच ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिले जाऊ शकते. ‘ॲ’ला २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला असे, आणि काही कळफलक आजही तसेच लिहितात.

‘ऱ’ आणि नुक्ताधारी ‘र’ यांस युनिकोड समतुल्य मानते व तिच्या प्रमाणीकरणाने ती एकरूप होतात. अदृश्य जोडचिन्ह किंवा अर्धचंद्रयुक्त ‘अ’ यांस ते प्रमाणीकरण हात लावीत नाही. तो नियम आपणच करावा लागतो. तो केला नाही तर एकाच शब्दाची तीन-चार उत्तरे कॅशेत साठतात. याहून वाईट म्हणजे, त्यांपैकी काही उत्तरे रिकामी असतात: कोशातील शीर्षशब्द एका रीतीने लिहिलेला आणि वाचकाचा शोध दुसऱ्या रीतीने, म्हणून शब्द असूनही सापडत नाही. मेमरीचे निदान करावयास निघालेल्यास कोशाच्या शुद्धतेतील दोष असा हाती लागतो. प्रमाणीकरणाचा एकच नियम दोन्ही दुखण्यांवर चालतो, आणि तो लिहिण्यास भाषेचा जाणकारच हवा.

६. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा क्रम आता मांडता येईल.

प्रथम, मृत्यू मेमरीच्या अभावीच झाला काय, हे ठरवावे. मेमरी अगदी संपली की कर्नल एखादी प्रोसेस निवडून ती ठार करते व तशी नोंद आपल्या दप्तरात ठेवते. ही नोंद मिळाली तर शंका उरत नाही. कंटेनरमध्ये चालणारे ॲप्लिकेशन १३७ हा अंक देऊन थांबले असेल तर ते सक्तीने मारले गेले, एवढे त्यावरून कळते. मेमरीच कारण होती किंवा काय हे दप्तरावरून पडताळावे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कर्नल निवड करताना प्रामुख्याने कोण किती मेमरी धरून आहे हे पाहते, कोणामुळे टंचाई आली हे नव्हे. म्हणून मेला तो अपराधी असे समजू नये. ध्वनिमुद्रणाने उसळी घेतली आणि बळी डेटाबेसचा गेला, असे होऊ शकते.

दुसरे, सर्व घराचा हिशेब पाहावा: ‘अव्हेलेबल’ किती, आणि डिस्कवरील राखीव जागेशी, म्हणजे स्वॅपशी, देवघेव सतत चालू आहे काय. ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेत या देवघेवीचे दोन रकाने असतात. स्वॅपमध्ये काही साठलेले असणे चिंतेचे नाही. सतत आत-बाहेर चालणे चिंतेचे आहे. ॲप्लिकेशन बंद पडण्यापूर्वी मंदावते ते बहुधा याच कारणाने.

तिसरे, प्रोसेसनिहाय प्रमाणशीर वाटा पाहून भार कोणाकडे आहे हे ठरवावे. चौथे, निदान एक आठवडा आकडे नोंदवून आकृती ओळखावी. आणि पाचवे, आकृती चढत्या उताराची असेल तरच ॲप्लिकेशनच्या आत शिरावे. पायथनमध्ये २०१४ पासून, म्हणजे ३.४ आवृत्तीपासून, ‘ट्रेसमॅलॉक’ हे साधन आहे. आज्ञावलीच्या कोणत्या ओळीने किती मेमरी घेतली याचे चित्र ते देते. एक चित्र सकाळी व एक संध्याकाळी घेऊन दोहोंतील फरक पाहिला की वाढणारी जागा बहुधा पहिल्या पाच-दहा ओळींतच सापडते. परंतु हे साधन स्वतःही मेमरी खाते, आणि पायथनच्या बाहेर, इतर भाषांत लिहिलेल्या ग्रंथालयांनी परस्पर घेतलेली मेमरी त्यास दिसत नाही. त्यामुळे त्याच्या बेरजेत आणि कर्नलच्या आकड्यात तफावत आढळली तर ती तफावतही एक पुरावाच समजावी.

हा क्रम उलटा करण्याचा मोह फार होतो. आज्ञावली आपण लिहिलेली असते, म्हणून तीत शिरून दोन-चार गोष्टी बदलणे सोपे वाटते. पण आकृती ओळखल्याशिवाय केलेला बदल गुणकारी ठरला किंवा नाही हे सांगावयास कोणताही आधार उरत नाही. प्रत्येक वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा आठवडाभर तक्ता मांडावा.

७. उपसंहार

मोठा सर्व्हर घेणे सर्वस्वी अयोग्य आहे असा या लेखाचा अभिप्राय नाही. आकृती सपाट आहे, रचना शक्य तेवढी सुधारली आहे, वाचक वाढले आहेत, आणि तरीही ‘अव्हेलेबल’ तळाशी लागते आहे, असे तक्ता सांगत असेल तर अधिक मेमरी मागणे हा रास्तच निष्कर्ष आहे. अशी मागणी आकड्यांसह केली तर अनुदान देणाऱ्यासही ती नाकारणे कठीण जाते. चढत्या उतारावर मात्र कितीही मोठा सर्व्हर पुरत नाही. सुळक्यांवर तो बहुधा अनावश्यक असतो, आणि पठारावर तर पुष्कळदा काहीच करावे लागत नाही.

ज्या विभागांनी बोलीसामग्री वेबवर ठेवण्याचे कार्य अंगीकारले आहे त्यांनी दोन साध्या गोष्टी आरंभापासून पाळाव्यात. पहिली, सर्व्हरच्या मेमरीची नोंदवही, जी संशोधनसामग्रीचाच एक भाग मानावी. दुसरी, चढविलेली प्रत सर्व्हरवर सुखरूप पोहोचल्याची खात्री होईपर्यंत क्षेत्रकार्य करणाऱ्याने मूळ मुद्रण पुसू नये, असा लेखी दंडक. सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. वसई-विरारच्या परिसरात जुन्या बोली सहजपणे बोलणारी पिढी आता वृद्ध होत चालली आहे, आणि तिच्या तोंडचा शब्द दुसऱ्यांदा मिळेल याची हमी कोणत्याही यंत्राजवळ नाही.